ऑपरेशन इस्तंबूलला, उपचार सिडकोत: उंची वाढवण्याच्या शस्त्रक्रियेचं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय 26. सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, बरंचसं काम घरून. राहणार सिडको, नाशिक. तिसरा मजला, लिफ्ट नाही. शस्त्रक्रियेपूर्वीची उंची 161 सेंटीमीटर, म्हणजे पाच फूट साडेतीन इंचाला किंचित कमी. मधुमेह नाही, सिगारेट नाही, पायाला आधीची कुठली दुखापत नाही. दोन्ही नडग्यांची हाडं कापून लांबवण्याची शस्त्रक्रिया इस्तंबूलच्या एका खासगी रुग्णालयात झालेली. पाचव्या आठवड्यात, हाड लांबवणं अर्ध्यावर असताना, दोन्ही पायांवर हाडाला पिनांनी जोडलेल्या धातूच्या रिंगा घेऊन तो नाशिकला परतला आणि फिजिओथेरपीसाठी माझ्याकडे आला. त्याच्या आणि घरच्यांच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अशा केसबद्दल कळलं की लोक एक तर हसतात, नाही तर 'काय ही आजकालची पोरं' म्हणून मान हलवतात. माझ्या दृष्टीने त्यात पाहण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. हा उपचार वर्षभराचा असतो. ज्यांनी पैसे घेतले त्यांनी त्यातला एक महिना सांभाळला. उरलेले अकरा महिने कोणाचे, हे पावतीवर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

आधीची गोष्ट

भारतीय पुरुषाची सरासरी उंची साधारण 165 सेंटीमीटर धरतात. हा मुलगा त्यापेक्षा चार सेंटीमीटरने कमी. वैद्यकीयदृष्ट्या याला काही नाव नाही. लग्नाच्या बाजारात मात्र आहे. बायोडेटात त्याच्या आईने, म्हणजे काकूंनी, 'उंची 5 फूट 5 इंच' असं लिहिलं होतं. इंच-दोन इंच सगळेच वाढवून लिहितात, असं काकूंचं म्हणणं, आणि ते फारसं खोटं नाही. इंदिरानगरला एका पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीच्या मामांनी फोटोसाठी दोघांना शेजारी उभं केलं. मुलगी सपाट चपलेत होती, तरी बोटभर उंच दिसली. 'कळवतो' म्हणाले आणि कळवलं नाही. त्यानंतर त्याने पावडरी घेतल्या, बुटात टाकायचे उंच सोल घेतले, दाराच्या चौकटीला बसवलेल्या बारला लोंबकळून झालं. विशीपर्यंत हाडांच्या टोकाची वाढीची पट्टी बंद झालेली असते. मग लोंबकळून खांदे भरतात, उंची वाढत नाही.

इस्तंबूलला जाण्याआधी दोन महिने तो फोनवर बोलत होता ते 'पेशंट कोऑर्डिनेटर' म्हणवणाऱ्या माणसाशी. मानसोपचारतज्ज्ञाशी त्याचं एकदाही बोलणं झालं नाही. आपल्या शरीरात असलेलं किंवा नसलेलं वैगुण्य डोक्यात सतत घोळत राहतं, अशा एका आजाराला बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. त्यात ऑपरेशनने समाधान होत नाही. एक दुरुस्त झालं की मन दुसरं शोधतं. म्हणून हाड कापण्यापूर्वी ही शंका विचारून घ्यायची असते. नंतर नाशिकच्या एका मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला तपासलं आणि तसं काही नसल्याचं सांगितलं. पण ते नशीब म्हणायचं, निवड नव्हे.

आईवडिलांना त्याने तिकीट काढल्यावर सांगितलं. वडील सातपूरच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. ते दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "परत येताना कोण आणणार तुला?" या सगळ्या प्रकरणात इतका नेमका प्रश्न त्याआधी कोणीच विचारला नव्हता.

पद्धत

हाड लांबवण्याची विद्या नवी नाही. सायबेरियातल्या कुर्गान या शहरात गाव्रिल इलिझारोव्ह यांनी 1950 च्या दशकात ती बसवली. हाड कापायचं, आठवडाभर थांबायचं, मग दोन तुकडे रोज एक मिलिमीटरने दूर सरकवायचे, तेही एकदम न सरकवता पाव-पाव मिलिमीटर चार वेळा. मधल्या फटीत शरीर नवं हाड भरत जातं. 1980 मध्ये कार्लो माउरी हा इटालियन गिर्यारोहक जुनं, न भरलेलं दुखणं घेऊन कुर्गानला गेला, बरा होऊन आला, आणि पश्चिमेकडच्या डॉक्टरांचं तिकडे लक्ष गेलं. मुंबई-आग्रा हायवे ज्या शहराच्या मधून जातो, तिथल्या हाडांच्या डॉक्टरांना रिंग नवी नाही. अपघातात चार सेंटीमीटर हाड गेलेला, पू झालेला पाय या रिंगांनीच वाचतो, असे रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात.

मग हेच डॉक्टर उंचीसाठी ती का वापरत नाहीत? कारण ज्याचा पाय आखूड आहे त्याला मिळवायचं असतं. धडधाकट पायाला मिळवण्याइतकंच गमवायलाही असतं. चीनने 2006 मध्ये केवळ उंचीसाठी ही शस्त्रक्रिया करायला बंदी घातली. 2016 मध्ये हैदराबादला एका तरुणाने घरच्यांना न कळवता ती करून घेतली, तेव्हा बराच गदारोळ झाला आणि डॉक्टरवर मेडिकल कौन्सिलची कारवाई झाली. आपल्याकडे काही ठिकाणी ती होते, पण बहुतेक सर्जन नको म्हणतात. म्हणून लोक तुर्कस्तान गाठतात.

तिथे त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवले गेले. एक, हाडाच्या आत बसणारा आणि बाहेरून चुंबकाच्या यंत्राने लांबवता येणारा रॉड. 'प्रेसाइस' नावाचा असा रॉड 2011 पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे. त्यात बाहेर काही लोंबत नाही, पण हाड भरेपर्यंत पूर्ण वजन टाकता येत नाही. वजन पेलणारी त्याची पुढची आवृत्ती 'स्ट्राइड' 2021 मध्ये बाजारातून मागे घेतली गेली, कारण रॉडच्या जोडापाशी गंज आणि भोवतालच्या हाडात बदल दिसू लागले होते. दुसरा पर्याय, आत साधा रॉड आणि बाहेर रिंगा. रिंगांनी हाड लांबवायचं, ते रॉडवरून सरकत जातं. पुरेसं झालं की रॉडच्या खालच्या टोकाला स्क्रू घालून लॉक करायचा आणि रिंगा काढून टाकायच्या. हा बराच स्वस्त. त्याने हाच निवडला. पॅकेज 22 लाखांचं: ऑपरेशन, चार आठवडे हॉटेल, विमानतळावरून ने-आण. खालच्या लॉकिंगसाठी 'रुग्ण परत येईल' असं एका ओळीत लिहिलं होतं. दोन्ही पायांत रिंगा असलेला माणूस महिन्याभरात घरी जाऊन पुन्हा परत येईल, हे लिहिणाऱ्याने तिसऱ्या मजल्यावरचं घर कधी पाहिलेलं नसावं.

नाशिकमध्ये

विमानतळावरून गाडीने, मग चार जणांनी खुर्चीत उचलून तिसऱ्या मजल्यावर. पाचव्या आठवड्यात एवढा प्रवास करायचा तर रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं चालू होती, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. एकदा वर गेल्यावर तो खाली येणार नव्हता, म्हणून मीच घरी जाऊ लागले.

पहिल्या भेटीत हाड 2.6 सेंटीमीटर लांबलेलं होतं. लक्ष्य 7. पलंगाशेजारी स्टुलावर एक दहा नंबरचा पाना, स्पिरिटची बाटली आणि शाळेची दोनशे पानी वही होती. पाना दहा नंबरचाच लागतो. रिंगेच्या सळ्यांवरचे नट त्याच मापाचे. सळीचे आटे एक मिलिमीटरचे, म्हणजे नट पाव फेरा फिरवला की पाव मिलिमीटर. प्रत्येक पायावर चार सळ्या, दोन पाय, दिवसातून चार वेळा: रोज बत्तीस पाव फेरे. वडिलांनी नटाच्या एका कडेला काकूंच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता, म्हणजे पाव फेरा पूर्ण झाला की नाही ते लांबूनही दिसावं. वहीत सकाळी 7, दुपारी 12, संध्याकाळी 6, रात्री 11 असे चार रकाने आणि प्रत्येक पायाची वेगळी खूण. इस्तंबूलच्या फाइलमध्ये इतकी नीट नोंद मला सापडली नाही.

हाड लांबतं ते ठरल्याप्रमाणे. पोटरीचा स्नायू, टाचेची शीर (पोटरीला टाचेशी जोडणारा दोर), नसा यांना मात्र कोणी वेळापत्रक दिलेलं नसतं. त्या मागून फरफटत येतात. नडगी लांबवताना पोटरी आखूड पडते आणि पाऊल खाली ओढलं जातं. म्हणून मी मिलिमीटरपेक्षा घोटा जास्त मोजते. उजवं पाऊल सरळ रेषेच्या, म्हणजे नडगीशी काटकोनाच्या, वर पाच अंश येत होतं, डावं जेमतेम रेषेपर्यंत. डावा गुडघा शेवटचे पाच अंश सरळ होत नव्हता. डाव्या पायाच्या वरच्या एका पिनेभोवती लाली आणि थोडा चिकट स्राव. साध्या रिंगेत पिनेचा संसर्ग नेहमीचाच, ड्रेसिंग आणि गोळ्यांनी आवरतो. इथे मात्र आत रॉड होता. पिनेवरून तो रॉडपर्यंत पोचला तर गोष्ट पार बदलते. त्याच दिवशी गंगापूर रोडवरच्या एका ऑर्थोपेडिक सरांना फोटो पाठवले. त्यांनी स्राव तपासायला घेऊन औषध सुरू केलं आणि आठवड्यात लाली गेली.

खरी अडचण 3.6 सेंटीमीटरला आली. रोज व्यायामाआधी मी त्याला दोन्ही अंगठे वर उचलायला सांगायची. त्या दिवशी उजवा टुणकन वर आला. डावा हलला, पण माझ्या बोटाचा हलका दाब ठेवला तसा खाली बसला. पावलाच्या पाठीवर मुंग्या.

"झोपून झोपून असेल, मॅडम," तो म्हणाला.

"उजवा पण झोपूनच आहे ना?"

तो गप्प राहिला. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने बारीक हाडाला वळसा घालून जाणारी नस ताणली गेली की आधी अंगठा अशक्त होतो, पुढे पाऊलच उचलता येत नाही. या टप्प्यावर ताण कमी केला तर ती बहुधा सावरते. इस्तंबूलला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला. तासाभरात कोऑर्डिनेटरचं उत्तर: 'नॉर्मल आहे, चालू ठेवा', सोबत हसरा चेहरा. सर्जनने व्हिडिओ पाहिला का, याचं उत्तर शेवटपर्यंत आलं नाही.

सरांनी दोन्ही पायांचे नट तीन दिवस थांबवले. त्रास डाव्याला, मग उजवा का थांबवायचा, असं त्याने विचारलं. पण दोन्ही पायांचा हिशेब एकच असतो. एक पुढे गेला तर उंचीऐवजी लंगडणं मिळतं. फार दिवस थांबूनही चालत नाही, फटीतलं हाड घट्ट होऊन पुढे सरकत नाही. चौथ्या दिवसापासून चारऐवजी तीन पाव फेरे. मुंग्या कमी झाल्या, अंगठ्यात हळूहळू जोर आला, घोटा मात्र उतरत गेला. 4.8 ला डावं पाऊल रेषेच्या खाली दहा अंश, उजवं पाच. वॉकर धरून उभं केलं की डावी टाच जमिनीला लागेना.

त्याला 7 हवे होते. त्याचं नडगीचं हाड 35 सेंटीमीटरचं. 7 म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा. तिकडून सुचवलं गेलं की टाचेची शीर कापून लांबवता येईल, खर्च वेगळा. घरी बैठक झाली: सर, मी, आईवडील आणि पलंगावर तो. तो चिडला, रडलाही. पैसे त्याने भरलेत, पाय त्याचे आहेत, उरलेले दोन सेंटीमीटर आम्ही कोण काढून घेणार, असं म्हणाला. हे म्हणणं अगदीच मोडीत काढण्यासारखं नव्हतं. सरांनी वाद घातला नाही. त्याला उभं केलं, टाचेखालून एक्स-रेचं पाकीट आरपार सरकवून दाखवलं आणि म्हणाले, "टाच टेकत नसेल तर उंची मोजायची कुठून?" वडील तोपर्यंत बोलले नव्हते. त्यांनी वही उघडली, त्या दिवसाच्या रकान्याखाली रेघ मारली आणि पाना खिशात घातला. "नटाला किती ताण द्यायचा ते मला कळतं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच 'थांबूया' म्हटलं.

आता लॉकिंग. परत इस्तंबूलला जाणं कोणालाच मान्य नव्हतं. सरांच्या आधी नाशिकमधल्या दोघा सर्जननी नकार दिला होता, आणि त्यांना दोष देता येत नाही. दुसऱ्याने केलेल्या ऑपरेशनला हात लावायचा, उद्या काही बिघडलं तर जबाबदारी कोणाची? ऑपरेशनचे कागद तुर्की भाषेत. रॉडच्या पाकिटावरचे स्टिकर, ज्यावर लांबी, जाडी आणि कंपनी असते, फाइलमध्ये नव्हते. सरांनी एक्स-रेवर मापं काढली, भोकाचा व्यास काढला, दोन-तीन जाडीचे स्क्रू आणि निरनिराळे स्क्रू-ड्रायव्हर मागवून ठेवले. ऑपरेशन टेबलवर सी-आर्ममध्ये, म्हणजे ऑपरेशन चालू असताना हाड दाखवणाऱ्या एक्स-रे यंत्रात, भोक गोल दिसेपर्यंत पाय फिरवायचा आणि मग नुसत्या हाताने ड्रिल न्यायचं. हे काम रोजचं आहे, पण रॉड अनोळखी असताना नव्हे. दहाव्या आठवड्यात दोन्ही रॉड लॉक झाले, रिंगा निघाल्या.

त्यानंतरचे महिने सांगण्यासारखे कमी आणि करण्यासारखे जास्त. रात्री स्प्लिंट, दिवसातून पाच-सहा वेळा पोटरीचं स्ट्रेचिंग. बाजारातला तिरका बोर्ड यायला वेळ होता, म्हणून काकूंचा जेवायचा पाट एका बाजूने पुस्तकांवर टेकवला आणि भिंतीकडे तोंड करून त्यावर उभं राहायचं ठरलं. दर आठवड्याला एक पुस्तक वाढलं. थंडीत पायातला रॉड बोचतो अशी त्याची तक्रार असायची. डिसेंबरातल्या नाशिकमध्ये ती खोटी म्हणता येत नाही. चौथ्या महिन्यात एल्बो क्रच घेऊन तो जिना उतरला. सहाव्या महिन्यात एक्स-रेवर फटीत चारपैकी तीन बाजूंनी हाड दिसलं आणि क्रच सुटल्या.

इथे एक तक्रार नोंदवते. त्याच्याजवळच्या माहितीपत्रकात 'पूर्ववत जीवन' म्हणजे चालणं, ऑफिस, जिम. आपल्याकडे पूर्ववत म्हणजे उकिडवं बसता येणं, मांडी घालता येणं, देवापुढे गुडघे टेकता येणं. उकिडवं बसायला घोटा जितका वाकावा लागतो, तितका चालायला लागतच नाही. नडगीत रॉड गुडघ्याखालून घालतात, त्यामुळे गुडघे टेकले की पुढच्या बाजूला दुखतं, आणि ते दुखणं बऱ्याच जणांना राहतं. हे सगळं माहीत असलेलंच आहे. माहितीपत्रक लिहिणाऱ्याच्या घरात पाट नव्हता, इतकंच.

चौदा महिन्यांनंतर

उंची 165.7. म्हणजे बायोडेटातली पाच-पाच आता खरी आहे, थोडी जास्तच. दोन्ही टाचा टेकतात. गुडघा सरळ ठेवून दोन्ही पावलं रेषेच्या वर पाच अंश येतात. मांडी दहा-पंधरा मिनिटं. उकिडवं बसताना टाचा दोन बोटं उचललेल्याच राहतात. डाव्या अंगठ्यात जवळजवळ पूर्ण जोर. पावलाच्या पाठीवर रुपयाएवढा भाग अजून बधिर. जलद चालतो, धावत नाही. दोन्ही नडग्यांवर पिनांचे गोल वण. एकूण खर्च 29 लाखांच्या घरात: पॅकेज, विमानभाडं, इथलं लॉकिंग, औषधं, फिजिओथेरपी आणि बिनपगारी रजा. कर्जाचे हप्ते अजून चार वर्षं.

पश्चात्ताप होतो का, असं त्याला सगळेच विचारतात. उंची वाढवल्याचा होत नाही म्हणतो. लॉकिंग होईपर्यंत तिथेच राहायला हवं होतं, पैसे कमी होते तर जायलाच नको होतं, असं म्हणतो. आरशासमोर तो आता जास्त वेळ उभा राहत नाही, असं काकू सांगतात. स्थळं पुन्हा पाहणं सुरू आहे. ऑपरेशनचं मुलीकडच्यांना सांगायचं का, यावर घरात एकमत नाही. वडील म्हणतात पहिल्या भेटीतच सांगायचं, काकू म्हणतात सुपारी फुटायच्या आधी सांगितलं तरी पुरे. तो स्वतः वडिलांच्या बाजूने आहे.

रॉड साधारण दीड ते दोन वर्षांनी काढतात. काढायला त्या रॉडच्या टोकाच्या आट्याला बसणारा बोल्ट लागतो, आणि रॉड कोणत्या कंपनीचा हे आजही आम्हाला माहीत नाही. सरांनी इस्तंबूलला मेल करून एवढी एकच माहिती मागितली. उत्तरात रॉड काढण्याच्या पॅकेजचं दरपत्रक आलं, पाच रात्रींच्या हॉटेलसकट. सरांनी मुंबईच्या एका डीलरकडे युनिव्हर्सल एक्स्ट्रॅक्शन सेटची चौकशी केली आहे; वडिलांनी एक्स-रेवरून आट्याचं माप काढून त्यांना दिलं आहे.